सोन्याचे कण आणि रमणचा प्रकाश

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीच्या खाणीतून निघालेल्या कोळशाच्या तुकड्यावर हिरवा लेसर सोडला आणि तिथून विखुरलेला प्रकाश वर्णपटमापकातून पाहिला, तर दोन रुंद उंचवटे दिसतात. एक १३५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास, दुसरा १५८० ते १६०० च्या दरम्यान. दुसरा उंचवटा कार्बनच्या षट्कोनी जाळीतील अणूंच्या कंपनाचा, पहिला त्या जाळीतल्या मोडतोडीचा. अभ्यासक दुसऱ्याला जी आणि पहिल्याला डी पट्टा म्हणतात. वर्धा खोऱ्यातला हा कोळसा पर्मियन काळातील बराकर थरांतला आहे. गाडली गेलेली झाडे किती तापली आणि किती काळ दाबाखाली राहिली, याचा अंदाज या दोन पट्ट्यांच्या रुंदीवरून आणि उंचीच्या गुणोत्तरावरून बांधता येतो. कोळशासोबत उडणाऱ्या धुळीतल्या क्वार्ट्झची रेघ मात्र अगदी वेगळी, ४६४ पाशी आणि अरुंद. खाणकामगाराच्या फुफ्फुसात जाणाऱ्या धुळीत स्फटिकरूप सिलिका किती, हे मोजण्यासाठी आजही अवरक्त आणि क्ष-किरण पद्धतीच प्रमाण मानल्या जातात. त्यांच्या जोडीला रमण पद्धत आणता येईल का, याचा अभ्यास चालू आहे.

एकाच प्रकाशात कोळसा आणि वाळू अशी वेगवेगळी ओळख देतात, याचे कारण रेणूंच्या कंपनांत आहे. रेणूवर पडलेला बहुतेक प्रकाश जसा आला तसाच, रंग न बदलता विखुरतो. थोडासा प्रकाश मात्र रेणूला कंपनासाठी ऊर्जा देऊन स्वतः किंचित तांबड्या बाजूला सरकतो. सरकण्याचे हे अंतर अणूंच्या वजनांवर आणि त्यांच्यातील बंधांच्या ताठपणावर ठरते, म्हणून प्रत्येक पदार्थाच्या रेघांची मांडणी निराळी असते. चंद्रशेखर वेंकट रमण आणि के. एस. कृष्णन यांनी कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी हा परिणाम पाहिला, १९३० साली रमण यांना नोबेल मिळाले आणि १९८७ पासून तो दिवस विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. अर्थखात्याच्या नोकरीत असताना, १९१० च्या सुमारास, रमण काही काळ नागपुरातही होते. नागपूरचे रमण विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचे.

जैविक नमुन्यांसाठी या पद्धतीचा मोठा गुण असा की पाण्याच्या स्वतःच्या रेघा फिक्या असतात. रक्त, लाळ, लघवी वाळवल्याशिवाय तपासता येते. दोष तितकाच मोठा. साधारण एक कोटी प्रकाशकणांमागे एखादाच असा रंग बदलून परततो, आणि रक्तातल्या रंगद्रव्यांची प्रतिदीप्ती त्यालाही झाकून टाकते. म्हणून कोळशासारख्या घन, काळ्या, भरपूर कार्बन असलेल्या पदार्थात रेघा सहज मिळतात. रक्ताच्या थेंबात अब्जावधींतून एखादा असलेला रोगाचा रेणू मात्र साध्या रमण वर्णपटात सापडत नाही.

ही कमजोरी दूर करण्याचा मार्ग अपघाताने सापडला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेंड्रा आणि जेम्स मॅकक्विलन यांनी १९७४ साली चांदीचा इलेक्ट्रोड विद्युत-रासायनिक रीतीने खडबडीत केला आणि त्यावर पिरिडिन बसवून रमण वर्णपट घेतला. संकेत अनपेक्षितपणे जोरदार आला. खडबडीत पृष्ठभागावर जास्त रेणू मावतात, असे साधे स्पष्टीकरण त्यांनी दिले. १९७७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड जीनमेअर आणि रिचर्ड व्हॅन ड्यून यांनी, तसेच इंग्लंडमध्ये ग्रँट अल्ब्रेक्ट आणि ॲलन क्रायटन यांनी हिशेब मांडून दाखवला की वाढलेल्या क्षेत्रफळाने हे भागत नाही. संकेत लाखपट ते दहा लाखपट वाढला होता. पृष्ठभागामुळे वाढलेल्या या रमण परिणामाचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ‘सर्स’ तेव्हापासून रूढ झाले. (हाच फ्लाइशमन १९८९ मध्ये ‘शीत संमीलना’च्या दाव्याने जगभर गाजला आणि तो दावा टिकला नाही. त्याचे नाव अनेकांना फक्त त्या फजितीमुळे आठवते. सर्सचा शोध मात्र पक्का निघाला.)

वाढ कुठून येते, हे समजायला सोन्याचांदीचे इलेक्ट्रॉन पाहावे लागतात. धातूच्या काही दशक नॅनोमीटर आकाराच्या कणावर प्रकाश पडला की त्यातील मोकळे इलेक्ट्रॉन एका लयीत इकडून तिकडे सरकू लागतात. प्रकाशाची वारंवारता या लयीशी जुळली, तर झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या धक्क्यासारखी ही हालचाल वाढत जाते. या सामूहिक हेलकाव्याला प्लाझ्मॉन म्हणतात. सोन्याच्या छोट्या गोल कणांत तो ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाला जुळतो. हिरवा शोषला गेल्याने द्रव माणकासारखा तांबडा दिसतो. चांदीच्या कणांत तो ४०० नॅनोमीटरपाशी असतो, म्हणून तो द्रव पिवळा. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये असे तांबडे सोने बनवून त्यावर व्याख्यान दिले होते, आणि त्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेल्या आहेत.

प्लाझ्मॉनमुळे कणाच्या अगदी लगतचे विद्युतक्षेत्र तीव्र होते. समजा ते दहापट झाले. तीव्रता क्षेत्राच्या वर्गाने वाढते, म्हणजे रेणूवर पडणारा प्रकाश शंभरपट झाला. रेणूने विखुरलेला प्रकाशही त्याच कणातून बाहेर पडतो आणि पुन्हा जवळपास शंभरपट होतो. एकूण वाढ दहा हजारपट. क्षेत्र शंभरपट झाले तर हीच वाढ दहा कोटीपट होते. दोन कण एकमेकांपासून एक-दोन नॅनोमीटर अंतरावर आले की त्यांच्या मधल्या फटीत असे तीव्र क्षेत्र मिळते. त्या जागांना ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. याखेरीज रेणू धातूला चिकटल्याने होणारी रासायनिक वाढही असते, पण ती सहसा दहा ते शंभरपटीच्या घरातच राहते.

सर्सचा पराक्रम आणि सर्सची अडचण, दोन्ही या फटीतच आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डॅना डलॉट यांच्या गटाने २००८ मध्ये एका चांदीच्या थरावर कोणत्या जागी किती वाढ होते, याची मोजदाद केली. सर्वात तीव्र जागा १० लाखांत केवळ ६३ होत्या, पण एकूण संकेताचा २४ टक्के भाग त्यांनी दिला. याउलट ६१ टक्के रेणू ज्या मंद जागांवर बसले होते, त्यांचा वाटा अवघा ४ टक्के. थोडक्यात, आपण मोजतो तो बहुतांश संकेत मूठभर नशीबवान रेणूंचा असतो. रेणू त्या फटीत पडला की डोंगराएवढा संकेत. शेजारी पडला की काहीच नाही. १९९७ साली कॅट्रिन क्नाइप आणि तिचे सहकारी, तसेच शूमिंग नी आणि स्टीव्हन एमरी यांनी स्वतंत्रपणे एकेका रेणूचा संकेत पकडल्याचे जाहीर केले, तेव्हा १०० लाख कोटीपट वाढीचे आकडे छापून आले. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील एरिक ले रू आणि पाब्लो एचेगोइन यांनी २००७ मध्ये नीट हिशेब करून दाखवले की एक रेणू दिसायला इतकी वाढ लागत नाही. त्याहून बरीच कमी वाढही पुरेशी आहे. मोठ्या आकड्यांच्या चढाओढीला या अभ्यासाने बराच लगाम घातला.

कण बनवणे त्या मानाने सोपे. जॉन टर्केविचने १९५१ मध्ये अभ्यासलेली आणि १९७३ मध्ये फ्रेन्सने सुधारलेली पद्धत आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. सोन्याच्या क्षाराचे फिकट पिवळे द्रावण उकळायचे आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचे. द्रव आधी रंगहीन, मग निळसर काळा आणि शेवटी वाइनसारखा लाल होतो. सायट्रेटचे प्रमाण बदलले की कणांचा आकार बदलतो. चांदीसाठीची अशीच पद्धत ली आणि माइझेल यांनी १९८२ मध्ये दिली. चांदी सोन्यापेक्षा जास्त संकेत देते, पण गंधकयुक्त वायूंनी काळी पडते. म्हणून रोगनिदानाच्या कामात अनेक संशोधक शेवटी सोन्याकडे वळतात.

या कणनिर्मितीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री आणि अबसार अहमद यांच्या गटाने बुरशीकडून चांदीचे आणि सोन्याचे कण बनवून घेतले. फ्यूजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीवरचा त्यांचा २००३ चा निबंध या क्षेत्रात पुन्हा पुन्हा उद्धृत होतो. २००४ मध्ये त्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याच्या पातळ त्रिकोणी चकत्या बनवल्या आणि ते काम ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले. या चकत्या जवळच्या अवरक्त प्रकाशाला प्रतिसाद देतात, आणि शरीराच्या ऊतींतून हाच प्रकाश जास्त खोल जातो. विदर्भात, अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात महेंद्र राय यांनी बुरशीपासून मिळणाऱ्या चांदीच्या कणांवर आणि त्यांच्या जंतुनाशक गुणांवर मोठे काम केले. २००९ साली सहकाऱ्यांसह लिहिलेला त्यांचा आढावा त्या विषयातला नेहमीचा संदर्भ आहे.

त्यानंतर देशभर कडुनिंब, तुळस, कोरफड, हाती लागेल त्या पानाच्या अर्कात कण बनवण्याची लाट आली. यातले बरेचसे काम संवेदनासाठी फारसे उपयोगाचे नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पानातील रसायने ऋतूनुसार आणि जमिनीनुसार बदलतात, त्याबरोबर कणांचे आकारही बदलतात. जंतू मारायला हे चालते. सर्समध्ये मात्र कणांतली फट अर्ध्या नॅनोमीटरने बदलली तरी संकेत कितीतरी पटींनी वरखाली होतो. उलट दिशेने, म्हणजे फट हवी तेव्हा हवी तिथे घडवण्याचा एक सुंदर प्रयोग पुण्याच्याच आयसरमध्ये जी. व्ही. पवन कुमार यांच्या गटाने केला. धातूच्या पृष्ठभागावरील प्लाझ्मॉनच्या जोरावर द्रवातले चांदीचे कण एकत्र खेचून त्यांनी एकेका रेणूचा संकेत मिळवला. हा निबंध २०१४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला.

जैविक संवेदनासाठी हे कण दोन रीतींनी वापरतात. पहिल्या रीतीत नमुना थेट कणांत मिसळून जो वर्णपट येईल तो वाचायचा. दुसऱ्या रीतीत कणावर आधीच एक ठळक रेघा देणारा रंगरेणू बसवायचा, त्यावर सिलिकाचा किंवा प्रथिनाचा थर द्यायचा आणि वर हव्या त्या प्रतिजनाला चिकटणारी प्रतिपिंडे लावायची. मग रोगाचा रेणू स्वतः दिसला नाही तरी चालते. त्याला चिकटलेल्या कणाची सही दिसते.

दुसऱ्या रीतीचा पूर्वज गडचिरोलीच्या गावांत कधीच पोहोचला आहे. आशा कार्यकर्तीजवळची मलेरियाची झटपट चाचणी म्हणजे सुमारे ४० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांचाच खेळ. पट्टीवर उमटणारी तांबडी रेघ त्या कणांच्या प्लाझ्मॉनची आहे. पट्टीवरची प्रतिपिंडे परजीवीच्या एचआरपी-२ किंवा एलडीएच या प्रथिनांना पकडतात आणि सोन्याचे कण तिथे साचतात. रक्ताचा एक थेंब, काही थेंब द्रावण आणि पंधरा-वीस मिनिटे; वीज लागत नाही. मर्यादा अशी की एका मायक्रोलिटर रक्तात परजीवी शे-दोनशेच्या खाली असले तर रेघ डोळ्याला दिसेलच असे नाही. महाराष्ट्रातील मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे आणि तिथे ताप नसलेले, रक्तात थोडेच परजीवी बाळगणारे लोकही असतात. साथ टिकवून ठेवण्यात त्यांचा वाटा असतो. त्याच पट्टीवर रंगरेणू बसवलेले कण वापरायचे आणि रेघ डोळ्यांऐवजी छोट्या रमण यंत्राने वाचायची, हा सर्सचा सर्वात व्यवहार्य उपयोग आहे. त्यात संवेदनशीलता वाढते आणि प्रथिन किती आहे हेही कळते. पण एचआरपी-२ हे प्रथिन रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते, आणि काही परजीवींत त्याचे जनुकच नसते. या दोन्ही गोष्टी प्रकाशाने सुटणाऱ्या नाहीत.

सिकलसेलची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. त्यानंतर चंद्रपूर-गडचिरोलीतील गोंड, माडिया आणि अनेक दलित, ओबीसी समूहांत हा आजार किती पसरलेला आहे हे हळूहळू पुढे आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिनविकारांचे संशोधन, व्यवस्थापन आणि नियंत्रण केंद्र चंद्रपुरात आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरवले गेले. प्राथमिक विद्राव्यता चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. तो एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या पद्धतींनी कळतो.

रमण वर्णपटाने हे काम एका थेंबात करावे, अशी कल्पना आकर्षक आहे. पण सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील १४६ पैकी फक्त सहावे अमिनो आम्ल बदललेले असते, ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. दृश्य प्रकाशात हिमोग्लोबिनचा वर्णपट हीमच्या रेघांनी भरून जातो, आणि हीम दोन्ही प्रकारांत तेच. शिवाय कणाचा प्रभाव काही नॅनोमीटरपलीकडे जात नाही, तर लाल पेशी सात-आठ मायक्रोमीटरची. कणाला तिची फक्त साल दिसते. म्हणून हिमोग्लोबिन थेट वाचण्यापेक्षा बदललेला जनुकाचा तुकडा रंगरेणूच्या कणांनी पकडण्याचा मार्ग जास्त तर्कशुद्ध आहे.

विदर्भातल्या तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगाबाबत मात्र साधा रमण प्रकाशच, नॅनोकणांशिवाय, बराच पुढे गेला आहे. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात सी. मुरली कृष्ण यांनी टाटा रुग्णालयातील शल्यविशारदांबरोबर काचतंतूच्या दांडीतून गालाच्या आतल्या त्वचेचे वर्णपट थेट रुग्णांत घेतले. कर्करोगपूर्व चट्टे ओळखण्यावरचे त्यांचे निबंध २०१२ पासून येत आहेत. तोंडात पेशी उघड्याच असल्याने इथे कण मिसळण्याची गरज भासत नाही. मुंबईच्या आयआयटीत सौम्यो मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी रमणऐवजी प्लाझ्मॉनचाच थेट उपयोग केला: इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या काचतंतूवर सोन्याचे कण बसवून त्यांनी प्रथिने ओळखली. त्या उपकरणाची किंमत आणि साधेपणा पाहता ग्रामीण रुग्णालयासाठी तो सर्सपेक्षा जवळचा उपाय ठरू शकतो.

आता पहिल्या रीतीकडे. रक्तद्रव चांदीच्या कणांत मिसळून ‘कर्करोगाचा वर्णपट’ मिळाल्याचे सांगणारे निबंध शेकड्यांनी आहेत. इटलीतील त्रिएस्ते येथील आलोइस बोनिफासिओ यांच्या गटाने दाखवले की अशा वर्णपटातल्या बहुतेक ठळक रेघा युरिक आम्ल आणि हायपोझँथिन या दोन छोट्या रेणूंच्या असतात, कारण तेच कणांना सर्वाधिक चिकटतात. हायपोझँथिन तर रक्त काढून ठेवल्यावर पेशींतून गळू लागते; नमुना किती वेळ बाहेर राहिला यावर त्याची उंची ठरते. ही गोष्ट त्रिएस्तेपेक्षा गडचिरोलीतल्या भामरागडसाठी अधिक गंभीर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि नमुना चंद्रपूर किंवा नागपूरला पोहोचेपर्यंत तास किंवा दिवस जातात. रोग्यांचे नमुने दूरच्या गावांतून आणि निरोग्यांचे नमुने रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांकडून घेतले, तर संगणकाने शिकलेला फरक रोगाचा नसून रस्त्याचा असण्याची शक्यता आहे. एकाच रुग्णाचे पन्नास वर्णपट काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवायचे, ही यंत्रशिक्षणातली सर्रास चूकही त्यात भर घालते.

दुसरा सापळा माजरीच्या कोळशाशी सख्खे नाते सांगणारा आहे. फटीतल्या तीव्र क्षेत्रात लेसरची ताकद थोडी जास्त झाली की कोणताही सेंद्रिय रेणू जळून कार्बन होतो, आणि वर्णपटात १३५० आणि १५८० चे रुंद उंचवटे उगवतात. घाईत लिहिलेल्या काही निबंधांत या काजळीलाच ‘प्रथिनांच्या रेघा’ म्हटलेले दिसते. कोळशाचा वर्णपट एकदा नीट पाहिलेला विद्यार्थी अशी गफलत करणार नाही.

कणाला सहज चिकटणारे रेणूच ठळक दिसतात, हे शेतीच्या रसायनांतही खरे आहे. चीनच्या शामेन विद्यापीठातील झोंगचुन तिआन यांच्या गटाने २०१० मध्ये सोन्याच्या कणांवर सिलिकाचा अतिपातळ, छिद्ररहित थर देऊन ते संत्र्याच्या सालीवर शिंपडले आणि पॅराथिऑनचे अवशेष जागच्या जागी ओळखले. संत्र्याच्या विदर्भाला हे वाचून आनंद होणे स्वाभाविक आहे. मिथाइल पॅराथिऑनवर भारतात २०१८ मध्ये बंदी आली. अशी गंधकयुक्त औषधे धातूला घट्ट चिकटतात, म्हणून ती छान दिसतात. २०१७ च्या हंगामात माजरीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चेत आलेल्या मोनोक्रोटोफॉसच्या रेणूत गंधकच नाही. ते कणाला सहज चिकटत नाही. थायरम, ऱ्होडामिन, क्रिस्टल व्हायोलेट अशा सहज चिकटणाऱ्या रेणूंवर मिळवलेली विक्रमी संवेदनशीलता म्हणून शेताच्या बांधावर कामी येत नाही.

खरी परीक्षा एकच नमुना वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तोच आकडा देतो का, ही आहे. युरोपातील १५ प्रयोगशाळांनी मिळून ॲडेनिनच्या ज्ञात द्रावणांवर ही परीक्षा घेतली आणि निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध केला. पद्धतींमध्ये मोठा फरक निघाला; काही पद्धती मोजमापासाठी पुरेशा विश्वासार्ह ठरल्या, काही नाहीत. ॲडेनिन हा शुद्ध, सोपा रेणू होता. रक्तासाठी अशी परीक्षा आपल्याकडे घ्यायची झाली, तर चंद्रपूरचे केंद्र, नागपूरची वैद्यकीय महाविद्यालये, पुणे आणि मुंबईच्या प्रयोगशाळा यांनी एकाच तुकडीतले कण आणि एकाच वेळी विभागलेले नमुने घेऊन ती घेतली पाहिजे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. मलेरियाच्या आजच्या अनेक पट्ट्या साठवणीसाठी ४० अंशांपर्यंतच्याच असतात, त्यामुळे नव्या कणांना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटातही टिकून दाखवावे लागेल.

तोपर्यंत सिकलसेलचा निर्णय एचपीएलसीवर, मलेरियाचा सूक्ष्मदर्शकावर आणि आशाताईच्या तांबड्या रेघेवर राहील, आणि तेच योग्य आहे. सर्सने पुढची दहा वर्षे आणखी कमी रेणू दिसल्याचे निबंध छापण्यापेक्षा ती तांबडी रेघ यंत्राने मोजण्याच्या कामात घालवावीत.